‘रुपयाचे कौतुक’ आणि इतर चुका: इंग्रजीतून अर्थशास्त्र वाचायला बसणाऱ्यांसाठी

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी एका निबंधात ‘अप्रिसिएशन ऑफ द रुपी’ याचं मराठी ‘रुपयाचे कौतुक’ असं करून ठेवलं होतं. सरांनी समासात लाल शाईने एवढंच लिहिलं: ‘कोणी केले?’

शाळा मराठी माध्यमाची, पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे अडणं साहजिकच होतं. पण गंमत अशी, की ‘ऑलिगोपॉली’सारखा (मोजक्याच विक्रेत्यांचा बाजार) अगडबंब शब्द मी कधीच चुकवला नाही. तो समोर आला की भीती वाटायची आणि हात आपोआप शब्दकोशाकडे जायचा. ‘अप्रिसिएशन’ मात्र शाळेपासून ओळखीचा, त्यामुळे तो बघायची गरजच वाटली नाही. चलनाच्या बाबतीत त्याचा अर्थ भाव वधारणं असा होतो, हे त्या लाल शाईनंतर कळलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: या विषयात अवघड शब्द फसवत नाहीत, सोपे शब्द फसवतात. बारावीनंतर इंग्रजीतून अर्थशास्त्र घेतलेले, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे किंवा नुकतंच इंग्रजी पेपरचं अर्थविषयक पान उघडायला लागलेले, अशांसाठी पुढच्या पायऱ्या आहेत. एक वही आणि पेन्सिल जवळ असू द्या.

पहिली पायरी: ओळखीच्या शब्दांची संशयित यादी करा

वाचताना जो शब्द ‘हा तर येतो मला’ असं वाटून पुढे ढकलला जातो, तोच वहीत घ्या. सुरुवातीला एवढे पुरेत: इंटरेस्ट, क्रेडिट, कॅपिटल, स्टॉक, रेंट, डिमांड, इन्व्हेस्टमेंट, रिअल, नॉर्मल, पब्लिक, गुड, ड्यूटी, टेंडर.

शब्दापुढे अर्थ लिहू नका, तो ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवा. सुटा शब्द पाठ केला की डोक्यात त्याचा एकच अर्थ घर करून बसतो. ‘कॅपिटल म्हणजे भांडवल’ असं दहा वेळा घोकलेला मुलगा ‘कॅपिटल लेटर’पाशी अडत नाही, पण ‘कॅपिटल एक्स्पेंडिचर’पाशी, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरच्या खर्चापाशी, गडबडतो.

दुसरी पायरी: वाक्य मराठीत म्हणून बघा

इथे आपल्याला एक फायदा आहे, जो फक्त इंग्रजी जाणणाऱ्याला नाही. इंग्रजीत एका शब्दात कोंबलेले अर्थ मराठीत बहुतेक वेळा वेगवेगळ्या शब्दांत राहतात. त्यामुळे वाक्य मराठीत म्हणायला गेलं की निवड करावीच लागते आणि कुठे अडलंय ते लगेच दिसतं.

ही तीन वाक्यं घ्या. ‘शी हॅज नो इंटरेस्ट इन इकॉनॉमिक्स.’ ‘द इंटरेस्ट ऑन द लोन इज नाइन पर्सेंट.’ ‘द बँक हॅज ॲन इंटरेस्ट इन द प्रॉपर्टी.’ पहिल्यात गोडी, दुसऱ्यात व्याज. तिसऱ्याशी नवखे हमखास अडखळतात. बँकेला त्या घराची आवड नाही आणि व्याजाचाही इथे थेट संबंध नाही. त्या मालमत्तेत बँकेचा हक्क गुंतलेला आहे, म्हणजे साध्या भाषेत घर तारण आहे.

‘क्रेडिट’वर जरा जास्त वेळ थांबू, कारण त्याचा त्रास रोजचा. सिनेमाच्या शेवटी येतात ती श्रेयं. दुकानदार ‘क्रेडिट नाही’ म्हणतो तेव्हा उधारी बंद. पेपरात ‘क्रेडिट ग्रोथ’ येतं तेव्हा बँकांनी दिलेल्या कर्जातली वाढ. आणि पगाराच्या दिवशी मोबाइलवर ‘युवर अकाउंट इज क्रेडिटेड’ असा निरोप येतो तेव्हा ते जमा. उधारी आणि जमा दोन्हीला एकच शब्द कसा, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी विचारला जातो, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की तो निरोप बँकेच्या वहीतून आलेला असतो. तुमचा पगार खात्यात आला म्हणजे बँक तुमचं तेवढं देणं लागली. तुम्ही बँकेला उधार दिलंत! एका बाजूचं येणं ते दुसऱ्या बाजूचं देणं, आणि क्रेडिट हा शब्द त्या नात्याचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की ताळेबंदाचा अर्धा धाक जातो.

बाकीचे भराभर. ‘आउटस्टँडिंग’ हा शेरा कामावर मिळाला तर पेढे वाटा, वीजबिलावर आला तर थकबाकी भरा. ‘ड्यूटी’ म्हणजे कर्तव्य, नर्सताईंची पाळी आणि सीमेवरचं शुल्कही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के एक्स्पोर्ट ड्यूटी लावली ती या तिसऱ्या अर्थाने. ‘टेंडर’ म्हणजे निविदा हे गावोगावी माहीत आहे, पण ‘लीगल टेंडर’शी निविदेचा संबंध नाही. देणं फेडताना जे चलन कायद्याने चालतं ते लीगल टेंडर. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५०० आणि १००० च्या जुन्या नोटांचा नेमका हाच दर्जा गेला. नोटा खोट्या ठरल्या नव्हत्या, फक्त त्यांनी व्यवहार पुरा होईना.

तिसरी पायरी: बोलतंय कोण ते बघा

मराठीची चाळणी इथे कमी पडते, कारण एकच शब्द, एकच मराठी प्रतिशब्द, आणि तरीही बँकवाल्याचा अर्थ वेगळा, अर्थशास्त्रज्ञाचा वेगळा.

सगळ्यात मोठा चकवा ‘इन्व्हेस्टमेंट’चा. समजा तुमच्या काकांनी कोथरूडमधला वीस वर्षं जुना फ्लॅट ८० लाखांना घेतला. काका सगळ्यांना सांगत सुटतात, गुंतवणूक केली म्हणून. त्यांच्यापुरतं ते बरोबरही आहे. पण देशाचं राष्ट्रीय उत्पन्न मोजणाऱ्याच्या वहीत या खरेदीपोटी गुंतवणूक शून्य! फ्लॅट आधीच होता, फक्त मालक बदलला, आणि काकांचे ८० लाख दुसऱ्याच्या खिशात गेले. नवं काही तयार झालं नाही. दलालाची दलाली तेवढी या वर्षीच्या सेवेत मोजली जाईल. शेअर बाजारात एकाकडून दुसऱ्याकडे गेलेल्या शेअरचंही तसंच. अर्थशास्त्रज्ञाच्या लेखी गुंतवणूक म्हणजे नवी इमारत, नवं यंत्र, नवी विहीर, गोदामात वाढलेला माल. पुस्तकात ‘सेव्हिंग इक्वल्स इन्व्हेस्टमेंट’ हे समीकरण येतं तेव्हा हा अर्थ धरला नाही तर ते कधीच पटणार नाही.

‘कॅपिटल’चीही तीच कथा. कारखानदाराला विचाराल तर पैसा, पाठ्यपुस्तकाला विचाराल तर यंत्रं-इमारती, बँकेच्या नियमांत शोधाल तर तोटा सोसायला ठेवलेला मालकांचा स्वतःचा निधी. जाता जाता: हा शब्द लॅटिनमधल्या ‘डोकं’ या अर्थाच्या शब्दावरून आला आणि इंग्रजीतला गुरांसाठीचा ‘कॅटल’ हा त्याचाच भाऊबंद. आपल्याकडे गुरांना पशुधन म्हणतात, ते उगाच नाही.

आता ‘रेंट’. घरभाडं हा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाबद्दल जे मांडलं, त्यापासून या शब्दाला वेगळं वळण लागलं. त्याचं म्हणणं होतं, की खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग नसतं. धान्य महाग असतं म्हणून जमिनीला खंड मिळतो. जमीन काही भाव बघून वाढत नाही. तेव्हा जी गोष्ट मुळातच मर्यादित आहे, तिच्या मालकाला काही जादा न करता जे वरचं मिळतं ते अर्थशास्त्रातलं रेंट. गर्दीच्या स्टेशनाबाहेरच्या गाळ्याचं भाडं असंच ठरतं. तिथला वडापाव भाड्यामुळे महाग आहे असं विक्रेता सांगतो. रिकार्डो म्हणाला असता, गर्दी तो भाव द्यायला तयार आहे म्हणून मालक एवढं भाडं मागू शकतो.

पुढे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ मध्ये ‘रेंट-सीकिंग’, म्हणजे असं वरचं मिळवण्यासाठीची धडपड, हा शब्दप्रयोग रूढ केला, आणि त्यांच्या लेखातलं एक उदाहरण आपलंच होतं. परमिट-लायसन्सच्या काळात परवाना हीच दुर्मीळ वस्तू. तो मिळवण्यासाठी खेटे, वशिले, दिल्लीत मुक्काम. माल एक नगही जास्त बनत नाही आणि एवढी खटपट चालते. १९६४ साली भारतातल्या अशा परवान्यांतून निघणारं रेंट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ७.३ टक्के असल्याचा त्यांचा अंदाज होता. ‘रेंट-सीकिंग’चं भाषांतर ‘भाड्याच्या शोधात’ असं केलेलं मी छापील गाइडात पाहिलंय. गाइडाचं नाव सांगत नाही, पण ती जागा भाड्याने मिळाली असेल अशी आशा आहे.

चौथी पायरी: ‘डिमांड’साठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा

हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. पहिल्या वर्षाच्या पेपरात निम्मे मार्क इथेच सांडतात.

मराठीत मागणी म्हटलं की मोर्चातल्या मागण्या आठवतात, नाहीतर मुलीला घातलेली मागणी. अर्थशास्त्रातल्या मागणीत हट्ट नाही आणि नुसती इच्छाही नाही. खिशात पैसे हवेत आणि ते त्या भावाला मोजायची तयारी हवी. मला गाडी हवीशी वाटते, ही मागणी नव्हे. ‘डिमांड डिपॉझिट’मधला डिमांड तर आणखी निराळा: मागताक्षणी परत द्यावं लागणारं ते.

इथपर्यंत ठीक. खरी मेख पुढे आहे. हे वाक्य वाचा: ‘भाव वाढला, म्हणून मागणी घटली, मागणी घटली, म्हणून भाव उतरला.’ ऐकायला बरोबर वाटतं. पण मग भाव वाढला की उतरला? या वाक्यात मागणी हा शब्द दोन अर्थांनी वापरलाय, आणि म्हणून ते स्वतःभोवतीच फिरतंय.

उकल कोंबडीच्या दुकानात करू. समजा आषाढात कोंबडी २२० रुपये किलो आहे आणि तुमच्याकडे दर रविवारी दोन किलो येते. भाव २८० झाला, तुम्ही दीड किलोवर आलात. तुमच्या खाण्याच्या सवयी, पगार, घरची माणसं, सगळं तेच. फक्त भाव बदलला म्हणून आकडा बदलला. इंग्रजी पुस्तक याला ‘क्वांटिटी डिमांडेड’ घटली असं म्हणतं. कुठल्या भावाला तुम्ही किती किलो घ्याल हे दाखवणारी कागदावरची रेघ (पुस्तकातला ‘डिमांड कर्व्ह’) जागच्या जागी, तुम्ही तिच्यावर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरकलात.

मग श्रावण लागतो. आता कोंबडी २२० ला द्या नाहीतर १८० ला, घरात आई आणू देत नाही. भाव कुठलाही असो, आकडा कमीच. ही झाली ‘डिमांड’ घटणं: अख्खी रेघच डावीकडे सरकली. आणि गटारीच्या आदल्या दिवशी तीच रेघ उजवीकडे पळते, तेव्हा दुकानासमोर रांग लागते आणि भावही चढतो.

वहीत नियम एवढाच लिहा: त्याच वस्तूच्या भावामुळे बदल झाला तर ठिपका सरकतो, बाकी कशामुळेही झाला तर रेघ सरकते. ‘सप्लाय’लाही हाच नियम. लासलगावला गारपिटीने कांदा सडला तर पुरवठ्याची रेघ सरकते. भाव चढले म्हणून शेतकऱ्याने चाळीतला कांदा बाहेर काढला तर ठिपका. पेपरवाले हा फरक पाळत नाहीत, परीक्षक पाळतात.

पाचवी पायरी: विशेषणांतली स्तुती-निंदा काढून टाका

‘परफेक्ट’, ‘नॉर्मल’, ‘नॅचरल’, ‘इन्फिरिअर’, ‘एफिशियंट’ हे शब्द ऐकले की मन आपोआप चांगलं-वाईट ठरवून टाकतं. इथे ते बंद करायचं.

‘नॉर्मल प्रॉफिट’ घ्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांना सगळा खर्च आणि मालात अडकलेल्या पैशाचं व्याज वजा जाता महिन्याला ४०,००० रुपये उरतात. हिशेबनीस म्हणेल, नफा ४०,०००. पण गाळा स्वतःचा आहे. भाड्याने दिला तर १५,००० येतील. आणि काका दुसऱ्याच्या दुकानात व्यवस्थापक म्हणून राहिले तर २५,००० मिळतील. म्हणजे हे दुकान चालवण्यासाठी त्यांनी ४०,००० वर पाणी सोडलंय. अर्थशास्त्रज्ञाच्या हिशेबी नफा शून्य, आणि या शून्यालाच तो ‘नॉर्मल’ म्हणतो. काका दुकान बंद करणार नाहीत, दुसरं उघडणारही नाहीत. शून्य नफ्यावर कोणी धंदा कशाला करेल, हा प्रश्न इथे सुटतो. हिशेबनिसाचं शून्य आणि हे शून्य एक नव्हे.

‘इन्फिरिअर गुड’ म्हणजे निकृष्ट माल नव्हे. उत्पन्न वाढल्यावर एखाद्या घरात जी वस्तू कमी घेतली जाते ती त्या घरापुरती इन्फिरिअर. हातात पैसा आला तशी कित्येक घरांतली ज्वारी कमी होऊन गहू वाढला. आता तीच भाकरी शहरातल्या हॉटेलात मोठ्या किमतीला मिळते, आणि ती मागवणाऱ्या घरांपुरती ज्वारी मुळीच इन्फिरिअर नाही. ‘पब्लिक गुड’ म्हणजे सरकारने दिलेली वस्तू नव्हे, आणि लोककल्याणही नव्हे. एकाने वापरल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही आणि कोणाला अडवता येत नाही असं काहीतरी: रस्त्यावरचा दिवा, रेडिओवरचा पावसाचा अंदाज. उलट ‘पब्लिक लिमिटेड कंपनी’ बहुतेक वेळा पूर्णपणे खासगी मालकीची असते.

‘एफिशियंट’ मात्र जपून वाचा. पारेटो या इटालियन अर्थशास्त्रज्ञाच्या व्याख्येप्रमाणे, कोणाचं तरी नुकसान केल्याशिवाय दुसऱ्या कोणाचं भलं करता येत नसेल तर ती वाटणी एफिशियंट. एका भावाकडे सगळी शेती आणि दुसऱ्याकडे काहीच नाही, ही वाटणीसुद्धा या व्याख्येत बसते. न्याय हा शब्द त्यात कुठेच नाही. वादविवादात लोक ‘एफिशियंट’ म्हणून सुरुवात करतात आणि ‘योग्य’ म्हणून संपवतात; ती उडी पकडायला शिका.

सहावी पायरी: आकड्याशेजारचा शब्द दोनदा वाचा

आईने एकदा पेपर माझ्यापुढे आपटला. ‘महागाई कमी झाली लिहिलंय. मग तूरडाळ का नाही उतरली?’ बातमीत ‘इन्फ्लेशन’ सहावरून चार टक्क्यांवर आल्याचं होतं. मी तिला वाणसामानाच्या यादीमागेच हिशेब मांडून दाखवला. पिशवीभर सामान १०० रुपयांना होतं. सहा टक्क्यांनी ते १०६ झालं. पुढच्या वर्षी चार टक्क्यांनी ११०.२४. इन्फ्लेशन घटलं, पण सामान महागच झालं. इन्फ्लेशन हा भाव चढण्याचा वेग आहे, भावाची उंची नव्हे. ‘म्हणजे गाडी हळू चालली, मागे नाही आली,’ आई म्हणाली. वर्गात मी आता हेच वाक्य वापरतो.

‘डेफिसिट’ आणि ‘डेट’ यांतही हीच गल्लत होते. तूट वर्षाची, कर्ज आजवरचं साठलेलं. पाझर आणि विहीर. तूट कमी झाली तरी ती तूटच असेल, तर कर्ज वाढतच असतं. गंमत म्हणजे अशा साठलेल्या आकड्यालाही पुस्तक ‘स्टॉक’च म्हणतं, शेअरचा संबंध नाही.

आणि टक्के. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना थोड्या मुदतीचं कर्ज देते तो व्याजदर) ६.५० वरून ६.२५ टक्के केला. ही कपात पाव टक्का-बिंदू, बँकेच्या भाषेत २५ बेसिस पॉइंट (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्का-बिंदूचा शंभरावा भाग). ‘पाव टक्क्याने कमी’ असं आपण बोलून जातो, पण काटेकोर हिशेब केला तर दर आधीच्या दराच्या सुमारे ३.८५ टक्क्यांनी उतरला. कोणता टक्का म्हणायचाय ते लिहिताना स्पष्ट करा.

मराठीही फसवते, तेही सांगायला हवं

दुसऱ्या पायरीवर मी मराठीची एवढी तरफदारी केली, पण तिलाही भोकं आहेत. ‘यंदा एकरी किती उत्पन्न आलं?’ असं शेतकरी विचारतो तेव्हा त्याला क्विंटल ऐकायचे असतात. अर्थसंकल्पात उत्पन्न म्हणजे रुपये. भाव पडले तर उत्पादन वाढूनही उत्पन्न घटतं, आणि हा शब्द सैल वापरला की तेच नेमकं झाकलं जातं. ‘खर्च’ एकटाच कॉस्ट, एक्स्पेन्स आणि एक्स्पेंडिचर तिघांचा भार वाहतो. ‘इन्फ्लेशन’साठीच्या ‘चलनवाढ’ या शब्दात कारणच गृहीत धरलंय: जणू भाव चढले म्हणजे चलन वाढलं असणारच. पावसाने भाजी महागली तर चलन कुठे वाढलं? म्हणून मी भाववाढ म्हणतो. ‘उपयोगिता’ हा ‘युटिलिटी’चा प्रतिशब्दही तसाच: गुटखा मुळीच उपयोगी नाही, पण खाणारा त्यासाठी पैसे मोजतो, म्हणून पुस्तकाच्या भाषेत त्यात उपयोगिता आहे. राज्याच्या भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश अशा वेळी उघडावा. प्रतिशब्द पटला नाही तरी कोणत्या दोन शब्दांत फरक करायचा हे त्यातून कळतं.

आता एक वाक्य सोडवू

‘रिअल इंटरेस्ट रेट्स रिमेन पॉझिटिव्ह, बट क्रेडिट डिमांड इज सॉफ्ट.’ असली वाक्यं रोज भेटतात.

‘रिअल’ म्हणजे खरे नव्हे, भाववाढ वजा केलेले. ठेवीवर सात टक्के मिळतात आणि भाव पाच टक्क्यांनी चढतायत, तर हातात उरले साधारण दोन. ‘इंटरेस्ट’ इथे व्याज. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले नव्हे, शून्याच्या वर. ठेवीदार खूश असेल, कर्जदार नसेल. ‘क्रेडिट’ कर्ज. ‘डिमांड’ रेघ की ठिपका? वाक्य सांगत नाही. व्याज महाग आहे म्हणून कर्ज कमी घेतलं जातंय, की धंद्यालाच उठाव नाही? तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. बातमी पुढे वाचण्याचं कारण तेच. ‘सॉफ्ट’ म्हणजे मंद.

मराठीत: भाववाढ वजा करूनही व्याजदर शून्याच्या वर आहेत, पण कर्जाला उठाव नाही.

पुढचं वाक्य तुम्ही सोडवा: ‘इन्व्हेस्टमेंट फेल, ईव्हन ॲज इन्व्हेस्टर्स पोअर्ड मनी इन्टू स्टॉक्स.’ गुंतवणूक घटली आणि गुंतवणूकदार पैसा ओततायत, हे एकाच वेळी कसं? अडलात तर काकांच्या कोथरूडच्या फ्लॅटपाशी परत जा.